सगळ्या खोल्यांत ऊब

"तुम्ही या घरात अजून किती वर्षं राहणार आहात?" डेलने विचारलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो होतो. डेल, मी आणि हे, म्हणजे माझे यजमान गुणवंत मुनघाटे. दिवाळी तोंडावर आली होती. बाहेर मात्र झाडं पार उघडी पडली होती आणि अंगणातल्या गवतावर सकाळचं दहिवर दुपारपर्यंत तसंच पांढरं दिसत होतं. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथे कॅनडाच्या सीमेजवळ आमचं गाव. तळघरातली घर तापवणारी तेलाची भट्टी आता आणखी एक हिवाळा काढणार नाही, असं तपासणारा माणूस सांगून गेला होता. थंडी पडायच्या आत काहीतरी ठरवायलाच हवं होतं, म्हणून ह्यांनी डेलला बोलावलं होतं.

डेल जमिनीतली ऊब घरात आणायची यंत्रणा बसवून द्यायचा. भला मोठा, साठीचा माणूस. दाराशी आला तसे आपणहून बूट काढून ठेवले आणि मोज्यांवर आत आला. तेवढ्यानेच तो मला आवडला. मी त्याच्यापुढे चहा आणि ताज्या चकल्या ठेवल्या. दोन चकल्या संपवून मग त्याने कामाचं बोलायला सुरुवात केली.

"वर कितीही बर्फ पडू दे," तो म्हणाला, "खाली खोल गेलं की जमिनीला हिवाळा ठाऊकच नसतो. बारा महिने सारखीच. आम्ही तुमच्या अंगणात दोन बोअर मारणार, त्यांत नळी सोडणार, नळीतून पाणी फिरवणार. ते पाणी खालची ऊब घेऊन वर येतं. तळघरातला पंप ती ऊब काढून घेतो आणि घरभर पाठवतो."

"म्हणजे विहिरीसारखंच," हे पुढे सरकून म्हणाले. "आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीचं पाणी गार लागतं आणि थंडीत त्यातून वाफ निघते. पाणी तेच असतं. बदलतं ते बाहेरचं."

"बरोबर तेच!" डेलने टेबलावर थाप मारली. "मिस्टर मुनघाटे, लोकांना हे समजवायला माझा अर्धा तास जातो."

ह्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. गावातली कागदाची गिरणी बंद पडून सहा वर्षं झाली होती. गिरणीच्या यंत्रांच्या देखभालीत ह्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं. ती बंद झाल्यावर ह्यांच्याशी यंत्राचं, पाण्याचं, दाबाचं कोणी बोललंच नव्हतं. त्या दुपारी ते डेलला एकामागून एक प्रश्न विचारत होते. नळी कशाची? पाणी गोठू नये म्हणून त्यात काय घालता? खडक लागला तर? डेलही हौसेने सांगत होता. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. असा चेहरा मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

मग डेलने खर्च सांगितला. अडतीस हजार डॉलर.

पुढे सरकून बसलेले हे मागे टेकले.

"साधी तेलाची भट्टी याच्या पाचव्या हिश्शात येईल," तोच पुढे म्हणाला. "मी खोटं सांगणार नाही. पण मग दर हिवाळ्यात तेल घ्यावं लागेल, आणि तेलाचं तुम्ही बघताच आहात. याला तेल नाही, फक्त वीज. बारा-तेरा वर्षांत पैसे वसूल होतात, पुढे फायदाच. म्हणून मी सगळ्यांना आधी विचारतो. दोन-चार वर्षांत घर विकून जाणार असाल, तर यात पडू नका. माझं नुकसान झालं तरी चालेल. किती वर्षं राहणार तुम्ही इथे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे.

आम्ही इथे आलो ते दोन वर्षांसाठी. चंद्रपूरकडच्या एका कागदाच्या कारखान्यात हे कामाला होते, तिथून ह्यांना इथे पाठवलं. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने भोगला आहे त्यालाच कळेल, मेनच्या पहिल्या हिवाळ्यात मला काय वाटलं असेल. नाकातला श्वास गोठायचा. दोन वर्षांनंतर मुदत वाढली, मग नोकरी कायम झाली, मग हे घर घेतलं. मूलबाळ झालं नाही. पण आम्ही परत जाणार हे ठरलेलं होतं. वरोऱ्याला, माझ्या माहेरी, भावाच्या घरामागे आम्ही एक प्लॉट घेऊन ठेवला होता. बँकेत एक खातं निराळं काढलं होतं. त्याला आम्ही वरोऱ्याचं खातंच म्हणायचो.

त्या खात्यात पैसे पडावेत म्हणून आम्ही हिवाळ्यात वरचा मजला बंद ठेवायचो. वरच्या खोल्यांत गरम हवा सोडणाऱ्या जाळ्या लावून टाकायच्या, जिन्याच्या तोंडाशी जाड रजई टांगायची आणि स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली एक खोली, एवढंच तापवायचं. नोव्हेंबर ते एप्रिल आम्ही त्या दीड खोलीत काढायचो. तिथेच जेवण, तिथेच झोपणं, तिथेच ह्यांचं वाचन आणि माझं विणकाम. एकाला ठसका लागला तर दुसऱ्याने पाणी द्यायचं, इतकं जवळ.

आणि रोज संध्याकाळी वरोऱ्याचं घर. हे वहीच्या पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढायचे. ओसरी केवढी, देवघर कुठे, स्वयंपाकघराचं दार सीताफळाच्या झाडाकडे की विहिरीकडे. आमचं सगळ्यात मोठं भांडण कूलरचं. मी म्हणायचे कूलर मागच्या खिडकीला लावायचा, हे म्हणायचे पुढच्या. बाहेर कमरेएवढा बर्फ, खिडकीच्या काचेवर आतून हिमाची नक्षी आणि आम्ही अंगावर दोन-दोन स्वेटर घालून वाळ्याच्या ताट्यांवर पाणी कोणी मारायचं यावरून तावातावाने भांडतोय! ह्यांचं निवृत्तीचं वय आलं आणि गेलं. "पुढच्या वर्षी," हे म्हणायचे. "पुढच्या वर्षी," मीही म्हणायचे.

डेल कपातला तळाचा चहा पीत थांबला होता. ह्यांचे डोळे माझ्यावरच होते. त्यांत काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही. मला वाटलं, ह्यांना हे यंत्र हवंय, पण माझ्यासाठी गप्प आहेत. तासाभरापूर्वीचा तो चेहरा माझ्यासमोर होता.

"आम्ही इथेच राहणार," मी इंग्रजीत म्हटलं. "शेवटपर्यंत."

ह्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "हो," ते डेलला म्हणाले, "इथेच."

वरोऱ्याचं खातं जवळजवळ तेवढंच होतं.

पुढच्याच आठवड्यात बोअरची गाडी आली. आठवणीतल्या आपल्याकडच्या गाडीसारखीच ती होती, तसाच उंच मनोरा, तसाच कानठळ्या बसवणारा आवाज. आपल्याकडे गाडी आली की गल्ली गोळा होते. पाणी लागलं का, किती इंची लागलं, कोणी नारळ फोडतं, कोणी पेढे आणायला पळतं. इथे कोणी आलं नाही. पाणी लागणारच, आणि त्याचं कोणाला अप्रूपही नव्हतं. मी खिडकीतून बघत उभी राहिले. खडकाचा राखाडी रेंदा अंगणभर पसरला. माझी गुलाबाची दोन झुडपं त्याखाली गेली. हे दिवसभर डोक्याला कानटोपी घालून त्या माणसांच्या मागे-मागे फिरत होते. संध्याकाळी घरात आले तेव्हा ओठ निळे पडले होते.

"चारशे फूट," ते म्हणाले. "सगळा खडक."

"चहा टाकू?"

"टाक."

त्या संध्याकाळी वही निघाली नाही. मला वाटलं, दमले असतील.

वरोऱ्याला फोन मीच केला. बंडू माझा पाठचा भाऊ. त्याला सांगितलं, प्लॉट तुझ्या नावावर करून घे, आमच्याने आता काही घर बांधणं होत नाही. पलीकडून काही आवाज आला नाही. मी घाबरले, म्हटलं त्याला वाईट वाटलं.

"बंडू, ऐकून राहिला नं?"

"हो ताई." तो खाकरला. "मी म्हणतच होतो तुला सांगीन म्हणून. मागच्या उन्हाळ्यात मी तिकडून भिंत घातली. पोराच्या लग्नाच्या आधी दोन खोल्या काढाव्या लागल्या. जागा रिकामीच पडली होती बाप्पा."

"बरं केलं," मी म्हटलं.

"रागावली काय?"

"नाही रे. रागावू काहून? तुमचीच जागा ती."

फोन ठेवला. आम्ही येणार नाही हे त्याला आमच्या आधीच ठाऊक झालं होतं. त्याचा राग मला आला नाही. पण ते सीताफळाचं झाड अजून आहे का, हे विचारायचं राहिलं, आणि पुन्हा फोन करायचा धीर झाला नाही. ह्यांना मी एवढंच सांगितलं की बंडूला आनंद झाला. हे म्हणाले, "चांगलं झालं."

नाताळच्या आधी यंत्र सुरू झालं. डेल स्वतः आला होता. त्याने भिंतीवरच्या डबीवर तापमानाचा आकडा लावून दिला आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो. भट्टी असताना घरात घरघर व्हायची, धाडकन आवाज व्हायचा, तेलाचा वास यायचा. याचा आवाजच नव्हता. कान देऊन ऐकलं तर तळघरात कोणी हलकेच श्वास घेत असल्यासारखं वाटायचं. तासाभराने मी जिन्यावरची रजई काढली आणि वर गेले. वरच्या खोल्या उबदार होत्या. कोपऱ्यातल्या खोलीतसुद्धा, जिथे जानेवारीत पेल्यातलं पाणी गोठायचं, तिथेही मी पातळ साडीवर उभी राहू शकत होते. मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

"आता मोकळं राहा," डेल जाताना म्हणाला. "सगळं घर तुमचं."

आणि आम्ही मोकळे राहू लागलो. ह्यांनी वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत टेबल नेलं, पुस्तकं नेली. मग दिवा नेला, मग रेडिओ. थोड्या दिवसांनी, रात्री वाचता वाचता डोळा लागतो, म्हणून तिथेच पलंग टाकला. मी काही म्हटलं नाही. मलाही खालची खोली एकटीला मिळाली होती. विणकामाची टोपली कॉटवर पसरून ठेवता येत होती. जेवायला हाक मारली की हे खाली यायचे. पिठलं-भात झाला की ताट धुऊन ठेवायचे आणि वर जायचे.

बोलायला काही नव्हतं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. पण ओसरी, देवघर, कूलर, विहीर, हे सगळं वजा केल्यावर आमच्याकडे काय उरतं, ते आम्हाला माहीतच नव्हतं. मी ताटावर बसून विचारायचे, "मीठ बरोबर आहे?" हे म्हणायचे, "बरोबर आहे." एकदा मीठ घालायलाच विसरले होते, तेव्हाही हे म्हणाले, "बरोबर आहे."

जानेवारीत मला कळलं की मी दिवसभरात ह्यांच्याशी किती बोलते, तर हाक मारते तेवढंच. घर सगळीकडे सारखं गरम होतं. मी या खोलीतून त्या खोलीत जायचे, कुठेच गारठा नाही, कुठेच कोणी नाही. वरून ह्यांच्या पावलांचा आवाज यायचा, खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. एकाच घरात राहून मी ह्यांच्या खोकल्यावरून ह्यांची तब्येत ओळखू लागले होते, शेजारणीने ओळखावी तशी.

एका दुपारी मी तळघरात कपडे धुवायला गेले होते. पंपाच्या पेटीतून निघालेला पत्र्याचा जाड नळ छतापाशी दोन फाट्यांत जातो, एक खालच्या खोल्यांकडे, एक वरच्या. वरच्या फाट्याला एक चपटी मूठ आहे. ती आडवी केली की हवा अडते. डेलने ती ह्यांना दाखवली तेव्हा मी तिथेच उभी होते. ओले कपडे हातात घेऊन मी त्या मुठीकडे बघत राहिले. मग स्टूल घेतलं, वर चढले आणि मूठ आडवी केली. चोरासारखं स्टूल जागच्या जागी ठेवलं. कपडे वाळत घातले, वर आले आणि कांदा चिरायला घेतला.

दिवस मावळायच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. हे अंगावर शाल घेऊन खाली आले, एका हातात पुस्तक.

"वर थंडी वाजून राहिली," ते म्हणाले.

"हो का?" मी कांद्यावरून मान वर केली नाही. "मग बसा इथं."

ते माझ्या खोलीतल्या कॉटवर बसले. लोकरीचे गुंडे उचलून टोपलीत ठेवले, जागा केली. पुस्तक उघडलं. मला भीती वाटत होती की आता हे उठतील आणि तळघरात जाऊन बघतील. आयुष्यभर नळ आणि झडपा दुरुस्त केलेला माणूस. पाच मिनिटांत कळलं असतं. हे उठले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी रेडिओ खाली आला, मग उशी आली.

तरी बोलणं लगेच सुरू झालं नाही. हे वाचायचे, मी विणायचे. एका संध्याकाळी बाहेर बर्फ पडत होता. ह्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "कुंदा, तुला जायचं होतं काय गं?"

"कुठे?"

"वरोऱ्याला."

मी सुया खाली ठेवल्या. "तुम्हाला ते यंत्र हवं होतं. तुमचा चेहरा पाहिला मी त्या दिवशी."

"मला?" हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू म्हणालीस शेवटपर्यंत, म्हणून मी हो म्हटलं. मला वाटलं, तुझंच मन भरलं तिकडून."

"मग तुम्हाला जायचं होतं?"

ह्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. "खरं सांगू? मला माहीत नाही. मी ते बोलणं सुरू केलं तुझ्यासाठी. पहिल्या हिवाळ्यात मी संध्याकाळी घरी यायचो, तर तुझे डोळे लाल असायचे. विचारलं तर म्हणायची, कांदा चिरत होते. मला काही सुचायचं नाही. मग मी म्हणायचो, आपण वरोऱ्याला घर बांधू तेव्हा असं करू, तसं करू. तू ऐकायची. हसायचीसुद्धा. म्हटलं, चला, जमलं."

"मी हसायचे तुमच्यासाठी," मी म्हटलं. "तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात."

एवढी वर्षं रोज संध्याकाळी आम्ही एकमेकांची समजूत घालत होतो, आणि ती समजूत दुसऱ्यालाच हवी आहे, असं दोघांनाही वाटत होतं.

मग ह्यांनी असं काही विचारलं, जे त्या सगळ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"तू काय करायचीस गं दिवसभर? त्या पहिल्या हिवाळ्यात. मी अंधारात जायचो, अंधारात यायचो. मधे तू काय करायची?"

कोणी विचारील असं वाटलंच नव्हतं.

"फोन करायची," मी शेवटी म्हटलं.

"फोन? कोणाला? आपलं कोणी ओळखीचं नव्हतं."

"तेव्हा एक नंबर असायचा बघा, किती वाजले ते सांगणारा. फिरवला की बाईचा आवाज यायचा. गोड आवाज होता. दहा वाजून वीस मिनिटं, दहा वाजून एकवीस मिनिटं, असं सांगायची. मी ऐकत राहायची. एखादं मिनिट झालं की पुन्हा ऐकायची. ती टेप आहे, हे मला माहीत होतं. पण घरात दुसरा माणसाचा आवाज नव्हता."

हे कॉटवर माझ्याकडे वळून बसले.

"मग?"

"मग थँक यू म्हणायची आणि ठेवून द्यायची. माझं इंग्रजी तेवढंच होतं. उच्चार चुकला तर ती हसत नव्हती, म्हणून तिच्याजवळच सराव केला. नंतर नंतर तिला मी आपल्या बोलीत सांगायची, आज काय भाजी केली, कोणाचं पत्र आलं नाही, हे असं. ती आपली वेळ सांगून राहायची."

मला हसू आलं. इतक्या वर्षांनी सांगताना ते मलाच गमतीचं वाटलं. पण हे हसले नाहीत. त्यांनी शाल काढली, माझ्या गुडघ्यांवर टाकली आणि तिची टोकं माझ्या पायांखाली खोचली. मला थंडी वाजत नव्हती.

"मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही आल्या आल्या ओसरीचं काढायचात नं."

शेगडीवरचं वरण उतू गेल्याचा आवाज आला, मी उठले, गॅस बारीक केला, परत येऊन बसले. हे तसेच बसले होते.

"दुसऱ्या वर्षाचं सांग," ते म्हणाले.

"दुसऱ्या वर्षी काय? तेच."

"तेच सांग."

मी सांगितलं. मग ह्यांनी त्यांचं सांगितलं. गिरणीत पहिली दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत हे एकटेच गाडीत बसून डबा खायचे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यांत आम्ही असंच एकेक वर्ष घेत गेलो. एखादं वर्ष एका संध्याकाळीच संपायचं, एखाद्याला महिना लागायचा. माझं पोटातलं गेलं त्या वर्षापाशी आम्ही फार दिवस थांबलो.

शहाऐंशी सालापर्यंत आलो होतो, तेव्हा हे गेले. पुढची वर्षं माझ्याकडे तशीच आहेत. संध्याकाळ झाली की मी दिवा लावते, कॉटवरची लोकर टोपलीत भरून जागा करते आणि सत्याऐंशी सुरू करते.